शुक्राचा वारा, व्हाया रोहा

...आणि वर तोंड करून सांगते काय, तर वारा थांबला! म्हणजे बघा, रविवारचा दिवस, सकाळी न्याहारी करून पोरगी घरातनं निघाली, दिवस मावळताना तोंड पाडून परत आली, बाप विचारतोय काय झालं गो, तर पोरगी म्हणते, "बाबा, वारा थांबला." कुठला वारा थांबला? इकडं पेणला दारातल्या माडाच्या झावळ्या नुसत्या थयथयाट करत होत्या! तर म्हणे इथला नाय... शुक्रावरचा. आकाशातला शुक्र, तो! आता तुम्हीच सांगा, बापानं काय समजायचं? वारा शुक्रावरचा, आणि बघायला जायचं रोह्याला!

तुम्हाला सांगतो, हा बाप म्हणजे आमचे पुंडलिकशेठ. पेणचे गणपतीवाले. कारखाना मोठा, मूर्ती पार कुठं कुठं जातात, नाव आहे, सगळं आहे... पण स्वभाव? सकाळी दूधवाला नुसतं "राम राम शेठ" म्हणाला तरी हे आधी पातेल्यात बघणार. आज गोड बोलतोय म्हणजे पाणी जास्त घातलेलं दिसतंय! मूर्तीचे डोळे आखायचे तर स्वतः आखणार, दुसऱ्या कुणाच्या हातात ब्रश द्यायचा नाय. का? तर म्हणे कारागीर घरी भांडून आलेला असला तर ते भांडण देवाच्या नजरेत उतरतं. त्यावर बायको चंद्रावती म्हणायची, "अवो, मग तुम्ही आखलेले गणपती गिऱ्हाईकाकडं असे तिरके का बघतात?" तर तेही पटायचं नाय. उलट रात्री जेवताना विचारणार, "कोण गिऱ्हाईक म्हणालं तसं? नाव सांग."

तर अशा माणसाच्या पोटी नमिता. थोरली. हुशार म्हणजे किती, शाळेत मास्तरांनीच हात टेकलेले. मुंबईला एका मोठ्या संस्थेत संशोधन करायची. ही शहाण्णव सालची गोष्ट. आठवडाभर होस्टेलला, शनिवारी घरी पेणला, आणि रविवारी... रोहा. कसलं संशोधन करते हे पुंडलिकशेठनी पहिल्यांदा विचारलंच नव्हतं. "सायन्स" एवढं पुरे होतं, लग्नाच्या बाजारात सांगायला. पण हे रविवार सुरू झाले तसं एका शनिवारी त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि पोरीला समोर बसवली.

"काय हाय गो ते नक्की?"

"बाबा, शुक्र आहे ना, तो स्वतःभोवती एक फेरी मारायला आठ महिने घेतो. पण त्याच्यावरचे ढग चार दिवसांत अख्ख्या ग्रहाला चक्कर मारून येतात. एवढा जोराचा वारा आहे तिथं."

पुंडलिकशेठनी डोळे बारीक केले. "म्हणजे मालक घरात लोळत पडलाय आणि गडी गावभर धावतायत?"

"अगदी तसंच."

"कुणाच्या हुकमावरनं?"

"तेच तर शोधतेय."

बघा! म्हणजे पोरीलाच ठाऊक नाय! आणि शोधायचं कसं, वर तर कुणी जात नाय, तर म्हणे कॉम्प्युटरवर. अख्ख्या ग्रहावर हवेचे डबे रचलेत असं समजायचं, एका डब्यातली हवा उन्हानं तापली की ती शेजारच्याला ढकलणार, तो त्याच्या शेजारच्याला, तो वरच्याला, आणि प्रत्येक ढकलाढकलीचं गणित मांडायचं... एकदा नाय, लाखदा! मशीन रात्रंदिवस तेच करत बसतं. "तुम्ही साच्यातनं गणपती काढता ना बाबा, तसा मी गणितातनं ग्रह काढते," पोरगी म्हणाली.

"माझा गणपती गिऱ्हाईक वाजतगाजत घेऊन जातं," पुंडलिकशेठ म्हणाले. "तुझा ग्रह कोण नेणार?"

ते असो. मग रोह्याचं काय? तर मुंबईच्या संस्थेतल्या मोठ्या मशीनवर मोठ्या लोकांची रांग. हिचा नंबर लागायचा तेव्हा थोडा वेळ मिळायचा, वारा जेमतेम सुटतोय तोवर "उठा" म्हणायचे. आणि रोह्याला हिच्या कॉलेजातला एक हरेश म्हणून पोरगा होता, त्यानं कॉम्प्युटर क्लास काढलेला, नवीन कोरी मशीनं आणलेली. त्यातलं मागच्या कोपऱ्यातलं एक त्यानं हिला देऊन टाकलं. आठवडाभर ते हिचं गणित करतं, रविवारी ही जाऊन बघते.

"पेणला काय कॉम्प्युटर क्लास नाय?"

"आहे. पण त्या मशीनवर पत्ते खेळण्यापलीकडं काही होत नाही बाबा."

"आणि हा हरेश... फुकट देतो?"

"हो."

फुकट! तुम्हाला सांगतो, पुंडलिकशेठनी आयुष्यात फुकट या शब्दाइतका दुसऱ्या कुठल्याच शब्दावर संशय घेतला नसेल. झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दाढी करायला नाथा न्हाव्याकडं बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, नाथा, शुक्राबद्दल काय माहिती हाय रे? आता नाथाला आकाशातलं काय ठाऊक, पण वस्तरा हातात असला की त्याला सगळंच ठाऊक! म्हणाला, "शुक्र? शुक्र म्हणजे लग्नाचा ग्रह शेठ. शुक्र जोरात असला की पोरं-पोरी कुणाचं ऐकत नाय." पुंडलिकशेठ अर्ध्या दाढीचे उठायला लागले, नाथानं खांदा दाबून खाली बसवले.

झालं! लग्नाचा ग्रह, फुकटचा कॉम्प्युटर, रोह्याचा पोरगा... आणि इकडं अलिबागच्या एका चांगल्या घरचं स्थळ निरोपाची वाट बघत बसलेलं. चंद्रावती म्हणाली, "अवो, पोरीला सरळ विचारा की." सरळ? सरळ विचारून कधी कुणी खरं सांगितलंय का ह्या जगात? वारा शुक्रावरचा, आणि बघायला जायचं रोह्याला! ह्यात सरळ काय आहे ते दाखवा!

तर पुढच्या रविवारी काय केलं, पोरगी रोहा पॅसेंजरला बसली तसे हे मागच्या डब्यात. डोक्याला मफलर. दिवाळीच्या आधीची ती भट्टी, सगळा डबा घामानं डबडबलेला, आणि हे डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून! समोरची बाई म्हणाली, "काका, दातदुखी का हो?" ह्यांनी मान हलवली, तर तिनं पिशवीतनं लवंग काढून दिली. कासू गेलं, नागोठणं गेलं, हे लवंग चावत खिडकीतनं पुढचा डबा बघतायत... कोण चढतंय, कोण उतरतंय, पोरगी कुणाशी बोलते का. पोरगी कुणाशी बोलली नाय. हेच जास्त वाईट! बोलायचं नाय असं आधीच ठरलेलं असणार.

रोह्याला स्टेशनापासून थोडं चालून एक दुमजली इमारत. खाली चहाची टपरी, वर क्लास. नमिता वर गेली. पुंडलिकशेठ टपरीवर. चहा सांगितला, फुंकर मारली, आणि सहज, एकदम सहज...

"वर काय चालतं हो?"

चहावाला म्हणजे नमुना. लांबडा, एका डोळ्यानं दुधाकडं आणि एका डोळ्यानं रस्त्याकडं बघणारा. म्हणाला, "वर? वर कायतरी हाय. खिडक्या बघा, बारा महिने बंद. आत गार मशीन. बाहेर चपला काढून जायचं. देवळासारखं! पण घंटा नाय, आरती नाय... मग आत करतात काय?"

"रविवारी पण?"

"रविवारीच तर! रविवारी क्लास बंद. फक्त एक मुलगी येते. पेणवाली. आणि तो मालक. संध्याकाळपर्यंत बाहेर नाय. मी तर म्हणतो..." आणि चहावाल्यानं जे म्हणायचं होतं ते म्हटलंच नाय, नुसतं गाळणं आपटलं! गाळणं आपटण्यात किती अर्थ असतो, ते ज्याची पोरगी वर आहे त्यालाच कळतं.

पुंडलिकशेठ जिना चढले. आवाज न करता. वर दार. दाराच्या काचेला आतनं पडदा. दारापाशी चपला: पोरीच्या सँडल आणि शेजारी ह्या मोठ्या बाप्यामाणसाच्या चपला. अगदी शेजारी शेजारी! कान लावला तर आत मशीनची घरघर, आणि बोलणं... काही नाय. दोन तरुण माणसं, बंद खोली, आणि बोलणं नाय! दार ठोकावं तर सावध होतील. हाक मारावी तर मागच्या दारानं पळतील. मागचं दार नव्हतंच, पण संशयाला मागचं दार लागतंच. आणि तेवढ्यात नजर गेली भिंतीवर. मीटर, आणि मीटरखाली पांढरा चिनीमातीचा फ्यूज.

लाईट गेली की माणूस बाहेर येतो. बरोबर ना? आणि अंधारातनं बाहेर येताना त्याचा चेहरा खरा असतो. असं पुंडलिकशेठचं मत. त्यांनी हात वर केला, आणि सटाककन फ्यूज ओढून काढला.

काय सांगू तुम्हाला! आतनं एकदम ट्यँ... ट्यँ... ट्यँ... असा आवाज सुरू झाला! आता तो यूपीएस हो. लाईट गेली की मशीन थोडा वेळ चालू राहावं म्हणून ठेवलेली बॅटरी, ती ओरडते. पण पुंडलिकशेठला यूपीएस काय माहीत! त्यांना वाटलं चोर धरायची घंटा. माणूस घाबरला की हातातलं टाकतो आणि पळतो. पण हे पडले गणपतीवाले, हातातली वस्तू खाली टाकायची नाय हे लहानपणापासून अंगात मुरलेलं... फ्यूज खिशात घातला आणि जिना उतरून सुसाट!

मागनं दार उघडलं. हरेश बाहेर आला, मीटर बघितला, फ्यूज जाग्यावर नाय, आणि खाली मफलरवाला एक माणूस धावतोय. तो तसाच अनवाणी जिन्यावरनं मागे! "काका! काका, फ्यूज द्या! बॅटरी म्हातारी आहे काका!" असा ओरडतोय, ह्यांना ऐकू काय गेलं, तर "म्हातारा आहे", म्हणून हे जास्तच जोरात! चहावाल्याला तर जन्मभर ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण मिळाला. टपरी सोडून रस्त्यावर येऊन बोंबलला, "चोर! धरा! मी म्हणालोच होतो!" आणि भर रविवारी रोह्याच्या बाजारात मच्छीवाल्या बायांनी पुंडलिकशेठला धरलं. एकीनं मफलर ओढला, एकीनं दंड धरला, तिसरीनं खिशात हात घालून फ्यूज बाहेर काढला आणि सगळ्यांना वर करून दाखवला. "मेल्यानं काय चोरलान बघा! पैसा नाय, दागिना नाय... हे काय गो हे?"

गर्दी फोडून नमिता आली. तिनं फ्यूजकडं बघितलं, मग बापाकडं. मग म्हणाली, "सोडा त्यांना. माझे बाबा आहेत."

तुम्हाला सांगतो, मार खाल्ला असता तरी बरं. 

परत वर गेले तोपर्यंत ट्यँ ट्यँ थांबलेलं होतं. बॅटरी खरंच म्हातारी होती. कोपऱ्यातल्या मशीनचा पडदा काळा. हरेशनं फ्यूज बसवला, मशीन चालू केलं, नमिता खुर्चीत बसली, काहीतरी दाबलं, वाचलं, आणि हात उचलून मांडीवर ठेवले. पुंडलिकशेठ दाराशी, चपला काढून, मफलर काखेत. आत काय होतं? नुसती चार मशीनं, फळा, एका कोपऱ्यात ही, आणि पार दुसऱ्या कोपऱ्यात हरेशची खुर्ची, तिथं पोरांच्या परीक्षेचे पेपर तपासायला पसरलेले. मधे एवढी जागा की आमचा मोठा गणपती आडवा झोपवता आला असता.

"गेलं?" पुंडलिकशेठनी विचारलं.

"गेलं. गणपतीच्या आधीपासून चालू होतं."

"सगळं?"

"डिस्कवर उतरवलेलं आहे ते फार जुनं आहे. पहिल्यापासून करावं लागेल." मग ती मान न वळवता म्हणाली, "संक्रांतीपर्यंत वारा नाही फिरला तर सर विषय काढून घेणार आहेत माझ्याकडून. दुसरा देतील, कुणाचा तरी राहिलेला. मागच्या रविवारी वारा थांबला होता ना, तो का थांबला ते शोधत होते मी आज." आणि मग वळली. डोळ्यांत पाणी, पण आवाज एकदम सरळ. "बाबा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही हे मला माहीत होतं. पण वाऱ्यावर पण नाही?"

आता बाप माणूस. चुकलो म्हणायचं म्हटलं तरी जीभ वळली पाहिजे ना! पुंडलिकशेठ मीटरकडं बघून म्हणाले, "फ्यूज सैल होता तसा." हरेशनंच बिचाऱ्यानं, "काका, चहा घेणार?" म्हणून विचारलं. आणि चहा कोण घेऊन आलं वर? तोच गाळणंवाला! पुंडलिकशेठला असा हसत होता की हे जन्मभर विसरायचे नाय.

परतीच्या गाडीत बाप-लेक समोरासमोर. नागोठणं गेल्यावर पुंडलिकशेठ म्हणाले, "उद्यापासून मी बसणार."

"कुठं?"

"रोह्याला. फ्यूजखाली."

"कशाला?"

"आज मी काढला. उद्या दुसरा कोण काढील! जगाचा काय भरवसा हाय?"

आणि बसले की! गणपती होऊन गेले होते, कारखान्यात साच्यांची डागडुजी सोडली तर काम नव्हतं. हे सकाळच्या गाडीनं रोह्याला, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून मीटरखाली. वायरमन आला की, "कुठं हात लावतोस? कार्ड दाखव." क्लासची पोरं जिन्यावर दंगा करायला लागली की, "हळू! आत वारा चाललाय." उंदीर दिसला एक दिवस तर अख्ख्या इमारतीत पिंजरे लावले, शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजींच्या पायाचा अंगठा अडकला त्यात, ते वेगळं प्रकरण. आणि मग एक दिवस लक्षात आलं की आपण बाहेर बसलोय खरं, पण आत? नमिता तर आठवडाभर मुंबईला. आत मशीनजवळ एकटा तो हरेश! त्यानं एखादं बटण दाबलं तर? हसतमुख पोरगा, शांत बोलतो, फुकट देतो... कोण सांगावं! तर धाकटी मनस्वी, बीकॉम होऊन घरीच होती, तिला बरोबर घेतली, आत कोपऱ्यात खुर्ची दिली आणि कानात सांगितलं, "त्या पोरावरनं नजर हलवायची नाय. काय करतो, कुणाशी बोलतो, सगळं मला कळलं पाहिजे."

मनस्वी कामाला एकदम चोख. संध्याकाळी गाडीत रिपोर्ट. आज हरेशनं अमुक केलं, आज त्याला सर्दी झालेली, आज त्यानं वाऱ्याचा वेग मला वाचून दाखवला. पुंडलिकशेठचं लक्ष शेवटच्यावर. "किती हाय?" "काल होता त्याच्यापेक्षा वाढलाय." बास, माणूस खूष! नमितानं पहिल्यापासून सुरुवात करताना सगळं गणित परत तपासलं होतं, तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं की खालची हवा जमिनीला घासते तो अडथळा तिनं भलताच जास्त धरलेला, म्हणून मागच्या वेळी वाऱ्याचा दम संपत होता. हरेश एकदा चुकून बोलून गेला, "काका, तसा तो पहिला वारा मेलेलाच होता." लगेच ह्यांचे डोळे चमकले. "म्हणजे मी फ्यूज काढला म्हणूनच..." नमितानं नुसतं बघितलं. "नाय, मी आपलं म्हणालो," आणि गप्प.

पण पेणला काय झालं, बातमी फुटली. नाथाच्या खुर्चीत काही लपून राहतंय का? दुकानात शिरलं की लोक, "काय शेठ, वारा कसा हाय?" पहिल्यांदा हे भडकायचे. मग उत्तर द्यायला लागले. "वाढतोय. पण ध्रुवाकडं जरा गडबड हाय." आणि मग समोरचा हसला की त्यालाच खाली बसवून हवेचे डबे समजावणार, चहाचे कप रचून! तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं बायकोला ओरडून सांगितलं होतं की वारा शुक्रावरचा आणि बघायला जायचं रोह्याला, तोच माणूस आता सकाळी गाडी चुकेल म्हणून अर्धी भाकरी टाकून धावायला लागला होता. अलिबागचं स्थळ कंटाळून दुसरीकडं वळलं, ह्यांना पत्ताच नाय!

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सगळे रोह्याला. चंद्रावती पण आली, डब्यात तिळाच्या पोळ्या घेऊन. नमिता मशीनसमोर. आकडे सरकतायत, सरकतायत, कुणाला काही कळत नाय, पण सगळे मान पुढं काढून. चहावाला पण दारातनं बघत उभा. शेवटी नमितानं कागदावर काहीतरी गुणाकार केला, परत केला, आणि उठून उभी राहिली.

"फिरला! बाबा, पूर्ण फिरला! ग्रह हळू, आणि वारा त्याच्या पुढं!"

चंद्रावतीनं मशीनवरनं बोटं ओवाळून कडाकडा मोडली. हरेशनं टाळ्या वाजवल्या, मनस्वीनं त्याच्याहून जास्त. पुंडलिकशेठ तेवढे शांत. "किती दिवसांत फिरला?"

"अकरा."

"खरा किती?"

"...चार."

"मग बाकीचा वारा कुणी खाल्ला?"

चंद्रावतीनं कपाळावर हात मारला, म्हणाली, अवो, आज तरी! पण नमिता हसायला लागली. अशी हसली की बऱ्याच वर्षांत घरात कुणी तिला तशी हसताना बघितलं नव्हतं. "बाबा, ते कुणालाच माहीत नाही. अमेरिकेत नाही, रशियात नाही. सगळ्यांच्या गणितात वारा कमीच पडतो. तो कमी का पडतो, हेच तर माझं पुढचं काम. सर म्हणाले होते, नुसता फिरवून दाखव, विषय तुझा."

"म्हणजे सगळ्या जगातली शिकलेली माणसं त्या शुक्रावर संशय घेऊन बसलीत?"

"हो."

"आणि त्याचा पगार मिळतो?"

"हो बाबा."

तुम्हाला सांगतो, पुंडलिकशेठ मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर बायको, कारागीर, दूधवाला, सगळं पेण ज्या एका गोष्टीवरनं त्यांना बोलत आलं, ती गोष्ट करायला मुंबईत इमारती बांधल्यात! पोरीकडं बघितलं, तिच्या बारीक केलेल्या डोळ्यांकडं, आणि चंद्रावतीला म्हणाले, "तुझ्यावर गेली म्हणतेस ना? नाय. माझ्यावर गेली." नमितानं तिळाची पोळी मोडून पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. ह्यांनी तो आधी उलटून बघितला, सवय हो, आणि मग खाल्ला.

आता इथं गोष्ट संपायला काय हरकत होती? पण नाय. महिन्याभरानं हरेशची आई, मालूबाई, रोह्याहून पेणला घरी आल्या. हातात नारळ, अंगावर ठेवणीतलं लुगडं. पुंडलिकशेठनी ओळखलं! बरोबर ओळखलं! इतके दिवस जो संशय होता तोच शेवटी दारात आला. पण आता माणूस बदलला होता ना. उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि मोठ्या मनानं म्हणाले, "मालूबाई, तुमचा पोरगा सोन्यासारखा हाय. पण आमच्या नमिताला अजून वाऱ्याचा शोध लावायचाय, तिला आत्ता लग्न नको."

मालूबाई म्हणाल्या, "नमिता कुठनं आली मधी? मी मनस्वीसाठी आलेय."

"कोण मनस्वी?"

स्वतःची पोरगी हो! कोण मनस्वी विचारलं! मागं वळून बघतात तर मनस्वी माजघराच्या दारात, नखं कुरतडत. हे ओरडले, "तुला मी कशासाठी बसवली होती गो तिथं?"

"तुम्हीच सांगितलंत ना बाबा," मनस्वी म्हणाली, "त्याच्यावरनं नजर हलवायची नाय."

घ्या! आता ह्यावर काय बोलणार? बाहेर खुर्ची टाकून वायरमन अडवले, उंदीर धरले, फ्यूजला कुणाला हात लावू दिला नाय... आणि आत! चंद्रावतीला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, "घरी आल्यावर पोरगी रोज सांगत होती की, हरेशला सर्दी झाली, हरेशला भरलं वांगं आवडतं. तुम्ही फक्त वारा ऐकत होता." नमिताला विचारलं, ती नुसती हसली. नाथाला ठाऊक होतं. तो चहावाला, त्याला तर केव्हाचं ठाऊक होतं!

मग काय, साखर वाटली, भटजी बोलावले. भटजींनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं, ओठ मुडपले. "शेठ, घाई करता येणार नाही. शुक्राचा अस्त लागतोय. उदय झाल्यावर बघू, वैशाखात."

पुंडलिकशेठनी हळूच नमिताकडं बघितलं. "कुठं गेला गो?"

"सूर्याच्या पलीकडं, बाबा. दिसत नाही इतकंच. वारा चालूच आहे तिकडं."

"दिसत नाय," पुंडलिकशेठ म्हणाले, "आणि पलीकडं चालूच हाय." अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली. भटजी थांबले, मालूबाई थांबल्या. चंद्रावती म्हणाली, "आता काय अवो? पाठवताय कुणाला नजर ठेवायला?"

"कुणाला पाठवू?" पुंडलिकशेठ म्हणाले. "दोनच पोरी होत्या. एक वाऱ्यानं नेली, एक रोह्यानं."